बेंदराच्या दिवशी सगळे बघत होते

"मॅडम, कॅम्प्युटर बोंबलायला लागलाय, पेटंल बिटंल, लवकर या!" असा फोन आला की गाडी काढायच्या आधी मी एकच विचारते, "समोर किती चित्रं उघडून बसलायसा?" मग हळूच उत्तर येतं, "सगळी." सगळी बंद करा आणि चहा प्या, म्हणते मी. निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं.

मी आष्ट्यात राहते. घराघरांत कॅमेरे बसवायचे आणि बसवलेले चालते ठेवायचे, हे माझं काम. या धंद्यात केस पिकले. सुरुवातीला शिडी धरायला मिस्टर यायचे. बाईमाणूस पत्र्यावर चढलेलं बघून गल्ली गोळा व्हायची आणि सगळे प्रश्न खाली मिस्टरांनाच विचारायची. अंधारात दिसतंय का, पावसात भिजला तर काय, चोरानं फिरवला तर काय. ते बिचारे म्हणायचे, "मला काय इचारताय? मी शिडी धरलीया. डोस्कं वर हाय." एवढं कौतुक त्यांनी घरात कधी केलं नाही.

भिंतीला कॅमेरा लावणं हे सोपं काम आहे हो. खरी मारामारी आतल्या खोलीत, कपाटाशेजारी धूळ खात बसलेल्या कॅम्प्युटरशी असते. बरीच माणसं बाजारातली तयार पेटी घेतात, कॅमेरे तिला जोडतात आणि विसरून जातात. पण काही घरांत जुना कॅम्प्युटर पडलेला असतो आणि पोरगा थोडा हुशार असतो. ही दोन्ही एका घरात असली की "पेटी कशाला, आपल्या कॅम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाका की" असं ठरतं, आणि पुढं माझ्या नशिबी फेऱ्या येतात.

पाटणच्या बाजूला लष्करातनं रिटायर झालेले एक हवालदार होते. त्यांनी सगळे कॅमेरे मोठ्या टीव्हीवर लावून घेतले आणि दिवसभर समोर खुर्ची टाकून बसायचे. बायको वैतागलेली. "गवताला चला म्हटलं तर म्हणत्यात, मी पहाऱ्यावर हाय." कॅम्प्युटर तापून बंद पडायचा. एकदा मी गेले तर हवालदारांनी त्याच्या पाठीमागं ओलं पोतं टांगलेलं! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, साहेब, सीमेवरनं धडधाकट आलाय आणि इथं करंट लागून जाल. ही चित्रं उघडी ठेवलीत म्हणून तो दमतो. बंद ठेवा, काही झालं तर मागचं बघता येतं.

"झाल्यावर बघून काय करू?" हवालदार म्हणाले.

मी हसले होते तेव्हा. माणूस चुकीचं बोलत नव्हता, हे कळायला मला वेळ लागला.

आटपाडीकडं एकानं मेंढरांच्या वाड्यावर कॅमेरे लावून घेतले. लांडगा येतो म्हणून. काही हललं की फोन वाजावा अशी सोय करून दिली. दुसऱ्याच दिवशी तो रडकुंडीला आलेला. "ताई, फोन सारखा कोकलतुय, आन कॅम्प्युटर तर मेलाच." मी म्हटलं, मेंढरं हलत असतील. "मग मेंढरं काय गप बसत्यात व्हय? धोंडं हायती का ती?" कॅम्प्युटरला लांडगा आणि मेंढरू सारखंच, हललं ते हललं. मग आतला वाडा सोडून फक्त कुंपणावर नजर लावून दिली. तो म्हणाला, "त्यापरीस कुत्रं बरं की ओ. कुत्र्याला घरचं मानूस कळतं."

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चुलीपुढं एकच बाई बसलीय असं धरा. ती म्हणजे कॅम्प्युटरातला प्रोसेसर. कॅमेरे तिच्याकडं चित्रं पाठवतात ती गच्च आवळून, गाठोडं बांधून. ते न सोडता तसंच माळ्यावर टाकायचं असेल तर तिला फारसे कष्ट नाहीत. रेकॉर्डिंग तसं करता येतं आणि तसंच करावं. पण "काही हललं तर सांग" म्हटलं की प्रत्येक गाठोडं सोडून आधीच्याशी ताडून बघणं आलं. टीव्हीवर दाखव म्हटलं की तेही मांडणं आलं. आणि लांब कुणी फोनवर बघायला बसलं की त्या फोनच्या मापाचं लहान चित्र नव्यानं करून देणं आलं, म्हणजे पीठ मळण्यापासून सुरुवात. एक पाहुणा आला तर चालतं. न सांगता पंगतच बसली तर तव्यावरची भाकरी करपते, परातीतलं पीठ तसंच राहतं, आणि बाई कुणाला काही बोलत नाही. कॅम्प्युटरही बोलत नाही. एका खिडकीत आकडा तेवढा दाखवतो, किती टक्के जुंपलाय त्याचा. चाळीस-पन्नास असला की मी निवांत असते. शंभराला जाऊन चिकटला की चित्रं गळायला लागतात. कधी मधली मधली जातात, कधी एकच चित्र पडद्यावर तसंच राहतं. बघणाऱ्याला वाटतं, आपण आत्ताचं बघतोय.

संपादकांनी सांगितलंय, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. वर लिहिल्या त्या लिहिल्या. आता मला दुसरं काही सुचत नाही. हौसाक्कांच्या घरचं झालं तेव्हापासून तो शंभरचा आकडा दिसला की मी हातातलं काम टाकून आधी त्या घरी फोन लावते.

हौसाक्कांची वस्ती आष्ट्यापासून आत, उसाच्या रानात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थोरला संभाजी लष्करात, वर बर्फाच्या मुलखात. त्याची बायको-पोरं तिकडंच लांब, लष्कराच्या क्वार्टरमध्ये. धाकटा विजय पुण्याला कंपनीत. मुलगी सुनीता मिरजेला दिलेली. वस्तीवर आक्का एकट्या. सोबतीला एक म्हैस आणि एक म्हातारा बैल. त्याचा जोडीदार मेलेला, आणि ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काही कामच उरलेलं नव्हतं. पोरं म्हणायची, विकून टाक. आक्का म्हणायच्या, "काम तर मला बी न्हाई. मग मला बी इकतासा?"

आई एकटी असते, रानात घर, म्हणून तिघांनी मिळून कॅमेरे लावायचं ठरवलं. विजयनं कंपनीनं मोडीत काढलेला कॅम्प्युटर आणला. मी बघूनच सांगितलं, हा लेचापेचा आहे. तो म्हणाला, "चालतोय की मॅडम, झकास गाणी लागत्यात." ओट्यावर एक, गोठ्यात एक, एक पाणंदीकडं. संभाजीनं तिकडनं फोन केला, "ताई, एक ऊस दिसंल असा लावा. हितं पांढरं बघून बघून डोळं इटलं. जरा हिरवं बघतो." लावला. आता ऊस म्हणजे वाऱ्यावर दिवसरात्र सळसळणार. म्हणून मी उसाचा भाग हालचालीच्या तपासणीतून काढून टाकला. चित्रात ऊस दिसायचा, पण कॅम्प्युटर त्याच्या नादाला लागायचा नाही. आणि एका वेळी दोनच फोनवर दिसेल असं कुलूप घातलं. आकडा साठाच्या आत आला. त्या डबड्याच्या मानानं ही माझी हातोटीच होती, हे मी आजही म्हणेन.

थोडे दिवस बरं चाललं, मग भांडण लागलं. संभाजीची बायको जेव्हा उघडायची तेव्हा तिला "जागा नाही" यायचं, कारण विजयचा आणि सुनीताचा फोन सदा चालू. ती घरच्यांच्या ग्रुपवर म्हणाली, आम्ही लांब म्हणून आमचा नंबर शेवटी का? सुनीता म्हणाली, लेक आहे मी, माझा पहिला. विजयनं मला फोन केला.

"मॅडम, त्ये कुलूप काढा. घरात तंटा लागलाय."

"कॅम्प्युटरला झेपणार नाही, विजय. चित्रं अडकतील."

"आवं, पन आई काय एकाची हाय का?"

मी त्याला ती चुलीपुढची बाई सांगितली. तो बरं बरं म्हणाला. पासवर्ड त्याच्याकडं होताच. त्यानं आपणच कुलूप काढलं आणि सगळ्यांना वाट मोकळी करून दिली. मला नंतर कळलं. मी चिडले. म्हटलं, एक तर कुलूप घाल, नाहीतर दमदार कॅम्प्युटर घे. "बेंदूर झाला की आणतोच," म्हणाला.

त्यात एकदा धूळ झाडायला मी वस्तीवर गेले. आक्कांनी ताक दिलं. ओट्यावर बसलो. वर बोट करून म्हणाल्या, "पोरी, ह्या डबीतनं मी त्यास्नी दिसती?"

"व्हय आक्का."

"आता बी?"

"कुणी उघडलं असलं तर."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आदी फोन करून इचारायची, आई, जेवलीस का? आता इचारत न्हाईत. बघत्यात."

मी आपलं समजुतीचं बोलले, काळजी आहे म्हणूनच ना आक्का. "काळजी हाय की," त्या म्हणाल्या, "काळजी न्हाई असं कुटं म्हनती मी." आणि ताकाचा पेला विसळायला उठल्या. सुनीता पूर्वी आठवड्याला एक फेरी मारायची. कॅमेरे लागल्यापासून ती फेरी महिन्यावर गेलेली, हे त्यांनी नाही सांगितलं. ते मला शेजारच्या वस्तीवरच्या बापूंनी सांगितलं, आक्कांच्या चुलत दिरांनी.

आमच्याकडं आषाढात बेंदूर असतो, बैलांचा सण. शिंगं रंगवायची, बैल सजवायचे, ओवाळून पुरणपोळी चारायची, दुपारनंतर गावातनं मिरवणूक. आक्का त्या एकट्या म्हाताऱ्या बैलाचं सगळं हौसेनं करायच्या. सुनीता येणार होती. ऐनवेळी तिच्या सासरी पाहुणे आले आणि तिचं निघणं मोडलं. तिनं सकाळी फोन करून सांगितलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "नगं येऊस. माझा बैल हाय मला." आणि फोन ठेवला.

मग सुनीतानं ग्रुपवर टाकलं, आई रुसली. लोकांनी हसरी तोंडं टाकली. आणि आई बैलाला ओवाळणार ते बघायला सगळ्यांनी फोन उघडले. पुण्यात विजयनं, त्याच्या बायकोनं, पोरांनी. तिकडं संभाजीच्या घरच्यांनी. मिरजेत सुनीतानं. संभाजीनंही तिकडनं वेळ काढून उघडला.

माझ्या घरीही सण. जेवणं उरकून मी भांड्यांना बसले होते तेव्हा विजयचा फोन.

"मॅडम, सणाचं तरास देतोय. आई ओट्यावर रुसून बसलीया. सकाळधरनं उठंना. फोन वाजतोय तरी घेईना. त्ये कॅमेऱ्यातनं बोलायचं असतंय न्हवं, तेवढं चालू करून द्या की. लेकरं आजीला हाका मारत्यात." मागं पोरांचं खिदळणं ऐकू येत होतं.

मी हात पुसले आणि माझ्या फोनवर उघडलं. बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं, मग दिसलं. आक्का ओट्यावर बसलेल्या. समोर ताट, ताटात पुरणपोळ्या, निरांजन. एक हात ताटाला लावलेला. कोपऱ्यात बारीक आकड्यांत वेळ असते, तिकडं कुणी बघत नाही. ती सकाळची होती.

"विजय, हे आत्ताचं नाही."

"म्हंजी?"

"सकाळचं चित्र आहे हे. अडकलंय. आक्का तिथं नाहीत. बापूंना फोन लाव आधी!"

खिदळणं थांबलं. तो काहीतरी बोलत होता, मी ऐकलं नाही. भांडी तशीच टाकून गाडी काढली. बापूंनी फोन घेतला नाही. ते बैल घेऊन मिरवणुकीत होते. आणि त्याच मिरवणुकीनं माझा रस्ता अडवलेला. हलगी कडाडतेय, गुलाल उडतोय, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजतायत. मी हॉर्न वाजवतेय, ओरडतेय, आणि माणसं हसून म्हणतायत, "आवं ताई, सनाची कसली घाई?" शेवटी एकाच्या दंडाला धरून हलवलं, हौसाक्काचं काहीतरी झालंय म्हटलं, तेव्हा वाट दिली. त्या गर्दीत बापू दिसले. बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हातात देऊन ते माझ्या गाडीवर बसले.

ओटा रिकामा होता. आतल्या खोलीत कॅम्प्युटर घरघरत होता, बाहेर ऐकू येईल एवढा. आक्का गोठ्यात होत्या. कुशीवर पडलेल्या, ताट पालथं, पोळ्या शेणात. बैल दावं ताणून होईल तेवढा मागं सरून उभा होता, आक्कांवर पाय पडू नये म्हणून. त्याच्या एका शिंगाला रंग दिलेला, एक तसंच राहिलेलं. आक्कांचे डोळे उघडे. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं, पण ते शब्द नव्हते.

"वयनी, वयनी," करत बापू खाली बसले. मला काही सुचेना. मी त्यांच्या गालाला लागलेलं शेण पदरानं पुसत बसले. मग बापूंनीच जीपगाडी बोलावली आणि मिरजेला नेलं.

डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. लवकर आणलं असतं तर ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. ती वेळ निघून गेली. आता जगतील, पण उजवी बाजू, बोलणं आणि समजणं याचं काही सांगता येत नाही.

तो दवाखाना सुनीताच्या घरापासून चालत जाण्याएवढा. ती सणाच्या साडीतच आली होती. हातात फोन तसाच. मला धरून सारखं एकच म्हणत होती, "मी बघत हुते ओ ताई. पोळ्या लाटताना समोर ठेवला हुता फोन. आई दिसत हुती. मी बघत हुते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जरा वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "ती किती येळ पडली हुती? रेकॉर्डिंग असंल न्हवं? आन तिनं हाक मारली का ओ? बघा की. तेवढं बघून सांगा मला."

मी दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन ते उकरत बसले. गोठ्याच्या कॅमेऱ्यात आक्का ताट घेऊन आत येतात. बैलाच्या कपाळाला कुंकू लावायला हात वर करतात. पुढच्या चित्रात ऊन दुसऱ्या बाजूला गेलेलं आणि आक्का जमिनीवर. मधलं काही नाही. एवढी वर्षं हे काम केलं, पण तिथली खुर्ची सोडून पळून जावंसं मला पहिल्यांदा वाटलं. सुनीताला फोन केला, म्हटलं, तेवढंच नाही गं. "तेवढंच न्हाई म्हंजी?" ती म्हणाली. आवाज तर त्यात नसतोच, हे सांगायची पाळीच आली नाही, तिनं फोन ठेवला होता.

विजयनं मात्र सगळं खोदून विचारलं. कसं झालं, का झालं. मी त्याला खरं सांगितलं. सगळ्यांनी एकदम उघडलं म्हणून आकडा शंभराला गेला. चित्र अडकलं. आई फोन घेईना म्हणून रुसवा गेला का बघायला प्रत्येकजण बंद करून परत परत उघडत राहिला. जेवढं उघडत गेलात तेवढं ते आवळत गेलं. सुटायला त्याला फुरसतच मिळाली नाही.

तो दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. वर बघून म्हणाला, "म्हंजी आमी बघितलं म्हनून दिसलं न्हाई?"

मी होय म्हटलं. असं होय म्हणायला नको होतं, असं आता वाटतं. पण माझ्या कामात मी आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. बाकी माझ्याकडं होतं काय?

लोक मला म्हणतात, तुमचा काय दोष, तुम्ही तर सांगितलं होतं. सांगितलं होतं. पण सांगून आक्का उठून बसतात का? ज्याचं त्याचं म्हणणं बरोबर होतं, सगळ्यांना काळजी होती, आणि बाई निम्मा दिवस गोठ्यात पडून राहिली. याला काय म्हणायचं, मला कळत नाही.

आक्का घरी आल्या. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. संभाजी थोडी रजा मिळवून आला. एवढा दांडगा गडी, खाटंच्या पायथ्याशी बसून आईचे पाय चेपायचा. रजा संपली, गेला. सुनीता यायची, पण तिच्या मागंही घर आहे. शेवटी वस्तीवर शांताबाई म्हणून एक बाई ठेवली, उठबस करायला. आणि विजयनं कॅम्प्युटर आणला. नवा, भारीतला. म्हणाला, "मॅडम, आता कितीबी जनांनी उघडू दे. आन एक कॅमेरा आईच्या खाटंवर लावा."

मी म्हटलं, नको. तिथं नको विजय.

"मग आमी काय करायचं?" त्याचा आवाज चढला. "नोकरी सोडून यीऊ? दादानं बंदूक ठिवून यावं? तुमी सांगा मॅडम, काय करायचं आमी?"

मी शिडी घेऊन गेले.

भिंतीला भोक पाडायला चढले तेव्हा आक्का खालून बघत होत्या. माझ्या हातातला कॅमेरा त्यांनी ओळखला असावा. डाव्या हातानं चाचपत त्यांनी पदराचं टोक शोधलं आणि तोंडावर ओढलं. मी खाली उतरले. पदर बाजूला करून म्हटलं, "आक्का, मी हाय, आष्ट्याची." त्यांनी परत ओढला. मग मी वर चढले आणि कॅमेरा लावला. शांताबाई दारात उभी होती. म्हणाली, "आवं ताई, अंग पुसायचं असतंय, लुगडं बदलायचं असतंय. पोरं, सुना, जावई, समदी बघत्यात न्हवं?" मी तिला जुन्या पडद्याची एक टोपी शिवून दिली, तेवढ्यापुरती कॅमेऱ्यावर घालायला. ती घातली की पुण्याहून फोन येतो, दिसत नाही म्हणून.

काम मात्र चोख झालंय. कुणीही, कितीही जणांनी उघडा, आकडा दहाच्या वर जात नाही.

परवा दुपारी संभाजीचा फोन आला. वारा घोंघावत होता त्यात.

"ताई, चित्र अडकलंय परत."

चालू गाडी बाजूला घेतली आणि फोनवर उघडलं. झटक्यात दिसलं.

"नाही भाऊ, चालू आहे."

"कसं चालू? मगाधरनं बघतुय. आई हललीच न्हाई."

"वरचा पंखा फिरतोय बघा. त्यानं पदर हलतोय."

माझ्याही डोळ्यांसमोर तो पदर तेवढा हलत होता.

"जागी हाय का ती?"

"जाग्या आहेत. वर बघतायत, कॅमेऱ्याकडं."

"मी बघतुय त्ये कळतंय का ओ तिला?"

डॉक्टरांनाही जे सांगता आलं नाही, ते मी कुठून सांगणार? "कळतंय की," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बघतो मी."